डोंगराखालची छावणी

परत आल्यापासून जतमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "कोकणात पाऊस कसा होता?" आमच्याकडे पावसाची चौकशी अशी करतात, जशी दुसऱ्याच्या श्रीमंतीची करावी. मी "खूप होता" म्हणते. समोरच्याचे डोळे चमकतात आणि पुढचं बोलायचं राहून जातं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी जनावरांची डॉक्टर, सरकारी नोकरीतली. रायगड जिल्ह्यात नद्या गावांत शिरल्या, डोंगर घसरू लागले आणि तिथल्या दवाखान्यांना माणसं कमी पडायला लागली, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं मागवली गेली. आमच्या पथकात मी, आमचे ड्रायव्हर महादूअण्णा, आणि जीपभर औषधं व लशी. अण्णांनी निघताना ज्वारीच्या भाकरींचं गाठोडं पायाशी ठेवलं होतं. "तिकडं नुसता भात खात्यात म्हणं. भातानं काय पोट भरतंय व्हय?"

घाट उतरलो तसं समोरचं दिसेनासं झालं. पाऊस पडत होता असं म्हणणं बरोबर नाही. आम्ही पावसाच्या आत शिरलो होतो. अण्णा काचेवर नाक टेकवून गाडी हाकत होते आणि मधूनच म्हणत होते, "एवढं पाणी. एवढं सगळं पाणी, मॅडम." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हळहळ होती. आपल्याकडे टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायका त्यांना दिसत असणार. मलाही दिसत होत्या.

कर्जतला तहसील कचेरीच्या एका दालनात नियंत्रण कक्ष होता. भिंतीवर तालुक्याचा नकाशा, सतत वाजणारे फोन, दाराशी बादलीत उभ्या करून ठेवलेल्या ओल्या छत्र्या, आणि कित्येक दिवस घरी न गेलेली माणसं. कुठल्या तरी गावाकडे बोटी सुटत होत्या, कुठे झाड पडलं तर करवत घेऊन माणसं निघत होती, बाळंतीण बाईला ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेत होते. हे मुद्दाम आधी सांगते. पुढचं वाचून कुणी म्हणेल की सरकार झोपलं होतं. सरकार झोपलं नव्हतं.

पोशीर

पहिलं काम नेरळजवळच्या पोशीरला मिळालं. आम्ही पोचलो तोवर पाणी ओसरलं होतं. घरांच्या भिंतींवर कमरेच्या वर चिखलाची सरळ रेघ होती, जणू कुणी दोरी धरून आखली असावी. भातखाचरांवर गाळाची चादर. आणि गोठ्यांत बांधलेल्या जागीच मेलेल्या म्हशी.

दत्तूबाबा नावाच्या वयस्कर शेतकऱ्याच्या आवारात आम्ही थांबलो. जेसीबी खड्डा खणत होता. मेलेली जनावरं लवकर पुरली नाहीत तर रोगराई पसरते, म्हणून चुना टाकून खोल पुरायची असतात. ते काम मी उभं राहून करून घेतलं. बाबा ओट्यावर बसून होते. बोलत होती त्यांची सून मंदा.

"पाणी गुडघ्याला लागलं तवा बोटवाले आले," ती म्हणाली. "बोलले, चला, उठा. मी बोलले, म्हशी सोडून येते. ते बोलले, ताई, येळ नाय. खरंच नव्हता येळ. आमी बोटीत बसलो आन पाणी ओट्यावर आलं."

"त्यांचं चुकलं नाय," बाबा तिथूनच म्हणाले. "त्यांनी आमाला वाचवलं. पन मी वळून बघायला नको व्हतं."

त्यांनी वळून काय पाहिलं ते मी विचारलं नाही.

दुपारी मंदाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरातलं धान्य भिजलेलं, चूल अंगणात विटांवर मांडलेली, तरी तिने उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पांढऱ्याशुभ्र, पदरासारख्या मऊ. सोबत सुकटीची झणझणीत चटणी. अण्णांनी पहिली भाकरी संशयाने मोडली. नंतर ते फक्त ताट पुढे करत राहिले. आमच्याकडे सुतकाच्या घरी पाहुणा जेवत नाही. चूलच पेटत नाही. इथे म्हशी खड्ड्यात जात होत्या आणि ही बाई आम्हाला "आनकी एक घ्या" म्हणत होती. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी घेत राहिले.

वाचलेल्या जनावरांना लशी टोचून आम्ही निघालो, तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. बाबा त्या ओल्या मातीपाशी जाऊन उभे राहिले होते.

खालापूरच्या बाजूला

तिसऱ्या दिवशी आम्हाला खालापूर तालुक्यात धाडलं. डोंगराच्या खांद्यावर एक ठाकरवाडी होती. वाडीचं नाव इथे लिहीत नाही. त्या माणसांना आजवर पुष्कळांनी येऊन नाव विचारून झालं आहे. आदल्या दिवशी वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग दिसली होती, हे आम्हाला नियंत्रण कक्षातच कळलं होतं. तिथल्या तलाठी शीतल मॅडम भर पावसात वर चढून ती भेग पाहून आल्या आणि त्याच दुपारी सगळी वाडी खाली आणायचा निर्णय झाला. डोंगराने माणसं गाडल्याची गोष्ट या तालुक्याला नवी नाही, त्यामुळे कुणी चालढकल केली नाही. बचाव पथकाच्या जवानांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उतरवलं. लहान मुलं घमेल्यांत बसून आली.

आम्ही पोचलो तेव्हा वाडी पायथ्याच्या शाळेत होती. वर्गावर्गात चटया, व्हरांड्यात ओले कपडे, स्वयंपाकाच्या खोलीत भाताची पातेली. आरोग्य सेविका तापाच्या गोळ्या वाटत होती. कुणाला काही कमी नव्हतं. मग मला कशाला बोलावलं, असं मी शीतल मॅडमना विचारलं.

शीतल मॅडम तिशीच्या आतल्या, कर्जतच्याच बाजूच्या. चिखलाने भरलेले बूट, घसा बसलेला.

"मॅडम, ही लोकं शाळेत थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. "जनावरं वर राहिलीत. उतरवताना माणसंच कशीबशी आली. आता एकेक जण नजर चुकवून वर जायला बघतो. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, तुमचं ऐकतील म्हणून बोलावलं."

व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस डोंगराकडे तोंड करून बसला होता. काळासावळा, सडपातळ, डोक्याला इरल्याचा जुना तुकडा. त्याच्या शेजारी त्याची बायको भाताचं ताट घेऊन बसली होती. माणसाचं नाव कमळू, बाईचं जनी.

"जेवत नाय तो," जनी मला म्हणाली. "सकाळधरनं नाय. जीव त्याचा वर हाय."

मी त्याच्याजवळ बसले. वाडीतली माणसं आपसात जी भाषा बोलतात ती मला धड कळत नव्हती, पण माझ्याशी तो सावकाश, कळेल असं बोलला. जनावरं गोठ्यात बांधलेली होती. मोकळी का सोडली नाहीत, असं मी विचारलं.

"मोकली सोडली तं खालच्या लोकांचं रोप खातील. आन रानात वाघरू हाय. दोन घटकांनी परत येऊ असं वाटलं." मग त्याने मला निरखून पाहिलं. "बाई, तुमी कुटल्या?"

"जतची. सांगलीकडची."

"तिकडं नाय येत पूर?"

"नाही. आमच्याकडे पाऊसच येत नाही."

"मंग सरकार काय करतं?"

"छावणी काढतं. जनावरांची."

"जनावरांची?"

"हो. माळावर मांडव घालतात. चारा, पाणी, औषध सगळं तिथे. आणि जनावरांबरोबर माणसंही तिथेच मुक्कामाला. स्वयंपाक तिथे, भजन तिथे, भांडणं तिथे. सोयरिकी जुळतात छावणीत."

कमळू हसला. किती तरी वेळाने हसला असावा, कारण जनीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"मंग आमची हितं का नाय काडत?" तो म्हणाला.

मी शीतल मॅडमकडे पाहिलं, त्यांनी शाळेच्या पटांगणाकडे पाहिलं. पटांगण मोठं होतं, एका बाजूला उंचवटा होता, पाणी साचत नव्हतं. आम्हा दोघींच्या हे आधी कसं डोक्यात आलं नाही, याचं त्या क्षणी फक्त आश्चर्य वाटलं. त्याची टोचणी नंतर लागली.

पटांगण

शीतल मॅडमनी नायब तहसीलदारांना फोन लावला. मला वाटलं होतं, नियमात बसत नाही म्हणतील. ते म्हणाले, "करा. ताडपत्र्या पाठवतो, चाऱ्याचंही बघतो." एवढं सोपं होतं ते. फक्त ताडपत्र्यांचा टेंपो साजगावच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आल्याने अडकला आणि यायचा तो दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी टेंपो आला तेव्हा वाडीतल्या पुरुषांनी तो ढकलतच पटांगणात आणला.

ती दुपार मला फार आठवते. शाळेत निमूट बसलेली माणसं एकदम कामाला लागली. बांबू आले, मांडव उभा राहिला. कमळू दगडाने खुंट्या ठोकत होता आणि कोणाची गाय कुठे, कोणाच्या शेळ्या कुठे, हे ओरडून सांगत होता. एका म्हातारीने तिच्या शेळीला कोपरा नको, वारा लागतो, म्हणून वाद घातला. महादूअण्णा, ज्यांनी आमच्याकडच्या कितीतरी छावण्या पाहिल्या होत्या, ते मुकादमासारखे फिरत होते. "गव्हाण हिकडं करा. पाण्याचं पिंप हितं. न्हाय न्हाय, शेनाला जागा सोडा की." त्यांची भाषा ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिन्हीसांजेला कमळू जेवला. जनीने मला लांबूनच खूण करून ते दाखवलं.

ठरलं असं की सकाळी पथकाचे जवान आणि वाडीतले चार धडधाकट पुरुष वर जातील आणि जनावरं घेऊन येतील.

सकाळी सगळ्यांचे मोबाइल एकदम केकाटले. अतिवृष्टीचा इशारा. डोंगर ढगात गेला होता. पायवाटेचा ओढा झाला होता. बचाव पथकाचा प्रमुख उत्तरेकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने वाटेच्या तोंडाशी जाऊन पाहिलं, परत आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऊपर कोई नहीं जाएगा. न हम, न गाँववाले. बारिश रुकने दो."

मी मान डोलावली. शीतल मॅडमनीही डोलावली. त्याचं बरोबरच होतं. आजही मी त्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. वाटेवर दोन होमगार्ड उभे केले. कमळू मांडवात उभा राहून ऐकत होता. रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिला.

डोंगरावर जायला एकच वाट नसते, हे होमगार्डना ठाऊक नव्हतं आणि वाडीतल्यांनी सांगितलं नाही.

आधी घंटा ऐकू आल्या. दुपारचं जेवण चाललं होतं. एक मुलगी ताट टाकून पळाली, "गाई! गाई आल्या!" ढगातून एक तांबडी गाय उतरली, तिच्यामागे वासरू, मग शेळ्यांचा घोळका, मग आणखी गाई, कुणाच्या गळ्यात तुटका दोर, कुणाच्या गळ्यावर नुसता वळ. सगळी शाळा पटांगणात धावली. माणसं जनावरांच्या गळ्यात पडत होती. शेळीसाठी भांडलेली म्हातारी शेळीला पोटाशी धरून रडत होती. अण्णा चाऱ्याच्या पेंढ्या फोडत सुटले. मीही हसत होते. मी खरंच हसत होते.

"कोन गेलं रं सोडायला?" कुणीतरी ओरडलं. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जनीकडे.

जनी हलली नाही. तिचे बैल अजून आले नव्हते.

ते सगळ्यांच्या शेवटी आले. ठेंगणे, काळ्या खुरांचे, डोंगरात वावरणारे बैल. दोघांच्याही गळ्यात दावं होतं, कोयत्याने सरळ कापलेलं. एकाचा गुडघा फुटला होता. ते घाबरून, दौडत आले आणि मांडवाशी थबकले. त्याच वेळी वरून आवाज आला. लोक म्हणतात दरडीचा आवाज विजेसारखा असतो. मला तो तसा वाटला नाही. दगडांनी भरलेला ट्रक कुठेतरी रिकामा होतोय, आणि रिकामा होऊन संपतच नाही, असा तो आवाज होता.

जनी उभी होती ती खाली बसली. "दुसऱ्यांची आदी सोडली असतील," ती म्हणाली. "आमचा गोठा वरच्या अंगाला हाय. आपली शेवटी सोडली. तसाच हाय तो."

पथकाच्या प्रमुखाने शिट्टी वाजवली. कुणी त्याला सांगायला गेलं नाही, कुणी विनवणी केली नाही. सकाळी कोणी वर जाणार नाही म्हणणारा तोच माणूस दोर खांद्यावर टाकून सगळ्यात पुढे चढायला लागला आणि त्याचे जवान त्याच्यामागे. पाऊस तसाच होता. शीतल मॅडम वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांच्या हातात फोन होता. त्यावर पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं.

दरड वाडीच्या कडेवरून गेली होती. बरीचशी घरं उभी राहिली. वरच्या अंगाचे गोठे गेले. कमळू त्यांना दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला खाली आणलं तेव्हा पथकाचा प्रमुख डोक्यावरचं हेल्मेट काढून जनीसमोर उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याच्याकडे तिची भाषा नव्हती. त्याने नुसते हात जोडले. जनीने त्याच्या रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "त्यांना पानी द्या गं."

निघताना

त्यानंतर आम्ही तिथे काही दिवस होतो. छावणी उत्तम चालली. चाऱ्याचा ट्रक रोज वेळेवर यायचा. मोठे साहेब येऊन पाहून गेले, त्यांनी शीतल मॅडमचं कौतुक केलं, आणि यापुढे माणसं हलवताना जनावरांचीही सोय त्याच वेळी करावी असा आदेश सगळ्या तालुक्यांना गेला. चांगला आदेश आहे. शीतल मॅडमनी तो मला वाचून दाखवला आणि वाचता वाचता थांबल्या.

"टेंपो एक दिवस आधी आला असता तर, मॅडम?" त्या म्हणाल्या.

मी बरेच दिवस कुणावर तरी रागवायचा प्रयत्न करते आहे. टेंपोवाल्यावर रागवावं तर तो पाण्यात अडकून रात्रभर गाडीत बसला होता. पथकाच्या प्रमुखावर रागवावं तर त्याचे हात आठवतात. पोशीरला बाबांच्या म्हशी पुरून आलेल्या मला, वाडी रिकामी केल्याचं कळलं तेव्हाच फोन करून "जनावरांचं काय केलं?" एवढं विचारता आलं असतं. ते सुचलं नाही. आमच्याकडे दुष्काळ दबक्या पावलांनी येतो, विचार करायला महिने देतो. तिथे डोंगर तेवढा वेळ देत नाही.

शेवटच्या सकाळी पाऊस उघडला होता. कित्येक दिवसांनी डोंगर पूर्ण दिसला. हिरव्या अंगावर तांबड्या मातीचा एक लांब ओरखडा. खालच्या खाचरांत लोक लावणीची तयारी करत होते. मी जाण्याआधी जनीच्या बैलाचा गुडघा पुन्हा पाहायला गेले. बैल हात लावू देईना. जनीने त्याची वेसण धरली, कपाळ खाजवलं, आणि मी जखम धुऊन मलम भरलं.

"बाई, औताला कदी जुपू ह्यांना?" तिने विचारलं. "रोप वाट बघत हाय."

"जखम सुकू दे. आठवडाभर तरी नको. आणि तू धरणार औत? दीर नाही का करून देत?"

"देतो बोलला तो. पन त्याला त्याचं हायच की." तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "मीच धरीन. बाया नाय धरत औत आमच्यात. पन आता धरावं लागंल."

मग तिने बैलांची दावी सोडली आणि ती त्यांना ओढ्याच्या दिशेने, पाण्यावर न्यायला निघाली. बैल जागचे हलेनात. तिने पाठीवर थाप मारली, चुचकारलं. बैल उभेच.

"तो असा बोलवायचा," ती म्हणाली. आणि तिने हाक घातली. लांब, वर चढत जाणारी, शेवटी एकदम तुटणारी. तिच्या गळ्याला ती नीट पेलली नाही.

बैलांनी कान टवकारले. दोघांनीही माना उचलल्या आणि तिच्या अंगावरून, मांडवाच्या पलीकडे, डोंगरावरून उतरणाऱ्या वाटेकडे पाहिलं. पाहत राहिले.

अण्णांनी जीप सुरू केली होती. मी बॅग उचलली, पण पाऊल निघेना. जनीने पदराने तोंड पुसलं, घसा साफ केला, आणि पुन्हा हाक घातली.